झोपेची वही

तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? तोंड पाडून आलेल्या माणसावर, की हसत आलेल्या? तीस वर्षांच्या धंद्यात मला याचं उत्तर पाठ होतं. पण गेल्या सहा वर्षांत आमच्या घरात सगळंच उलटं झालंय. माझा धाकटा भाऊ उदय सकाळी "दादा, आज मी एकदम फर्स्ट क्लास!" म्हणाला की माझा पहिला चहा तसाच राहतो. आणि "आज जरा कंटाळा आलाय रे" म्हणाला की मी निवांत दुसरा चहा मागवतो!

चौलच्या नाक्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, रंग, पाण्याच्या मोटारी. मी नववीत शाळा सोडली, बाकीचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. दुकानात एक ड्रॉवर आहे. सुटे स्क्रू, एकटे नट, कुठल्या मशीनचे ते ठाऊक नसलेले वायसर त्यात पडत जातात. कोणी मागत नाही, पण टाकवतही नाहीत. उदयच्या आजाराचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. आजाराचं नाव बायपोलर. मूडचा आजार. माणूस कधी वर चढतो, कधी खाली बसतो, मधे बराही असतो. डॉक्टरांनी हे एका दमात सांगितलं. आम्हाला समजायला सहा वर्षं लागली, आणि पूर्ण समजलंय असं आजही म्हणवत नाही.

तर आज ड्रॉवर उपडा करतो.

*

उदय पहिल्यांदा चढला तेव्हा आम्हाला वाटलं, पोरगा सुधारला!

तसा तो अबोल. गिऱ्हाइकानं मागितलं तेवढं द्यायचं, वर एक शब्द नाही. पण त्या महिन्यात वायसर घ्यायला आलेल्या माणसाला त्यानं मोटार विकली. मोटार घ्यायला आलेल्याला मोटार, पाइप आणि टाकी. किहीमला मुंबईवाल्यांची कॉटेजेस आहेत, तिथे एकटा जाऊन चौदा कॉटेजना सोलर दिवे लावायची ऑर्डर घेऊन आला. आम्ही सोलर दिवे ठेवतच नव्हतो!

पहाटे साडेतीनला शटर वर. मी म्हटलं, "अरे, एवढ्या पहाटे कोणासाठी?"

"दादा, गिऱ्हाइकाची वेळ गिऱ्हाईक ठरवतं!"

त्याची बायको रंजना दोनदा मला म्हणाली, "भाऊजी, हे दोन-दोन तास झोपतायत. मला काही बरं दिसत नाही." मी काय उत्तर दिलं असेल? "अगं, धंद्यातल्या माणसाला झोप कमीच लागते." खरं सांगतो, मला तो तसाच आवडत होता. विक्री दुपटीवर गेली होती.

मग एके दुपारी किहीमच्या कॉटेजवाल्या साहेबांचा फोन आला. "शेठ, तुमच्या भावाला मॅनेजर म्हणून आमच्याकडे पाठवता का? पगार तो म्हणेल तो!"

मी फोन धरून बाहेर आलो. मॅनेजरसाहेब दुकानाच्या पत्र्यावर उभे होते. रेवदंड्याच्या किल्ल्यापासून समुद्रावरून पलीकडे केबल कार कशी न्यायची ते हातवारे करून सांगत होते. खाली चाळीसेक माणसं. आणि त्यातल्या तिघांनी पैसे घालायची तयारीही दाखवली होती!

*

चढला तसा उतरला. दोन महिने भिंतीकडे तोंड. जेवण नाही, बोलणं नाही, दाढी छातीवर.

दुकानात सगळे विचारणार, उदयशेठ कुठे? खरं सांगायची आमची टाप नव्हती. घरी पुतणी लग्नाची, म्हणजे तिची चौकशी करणारे आधी हेच विचारणार. हार्ट म्हणावं तर मुंबईला का नेत नाही म्हणतील. डायबेटिस म्हणावं तर तो सगळ्यांनाच आहे, त्याचं कौतुक कोण करतो? मी विचार करून सांगितलं, "कावीळ."

आमच्या भागात कावीळ सांगणं म्हणजे गावाला आमंत्रण! दुसऱ्या दिवसापासून कोणी मुळ्याचा पाला घेऊन येतंय, कोणी उसाचा रस. एक गृहस्थ चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात, ते परात घेऊन हजर. त्यांनी उदयचे हात धुतले आणि पाणी पिवळंधमक झालं. कावीळ नव्हतीच, तरी उतरली!

घरात तळण बंद, तेल बंद, मासे बंद. पथ्य दिसायला नको का? शेजारणी वास घेत यायच्या.

हसतोय मी आता. तेव्हा हसत नव्हतो. त्या दोन महिन्यांत दुकानातला एक माल मी गुपचूप गोडाऊनला नेऊन कुलपात टाकला होता. गिऱ्हाइकांना सांगायचो, संपलाय. कुठला माल ते लिहीत नाही. उदयला एक मिनिट एकटं सोडत नव्हतो आणि दुकानात बसलो की दर दहा मिनिटांनी घरी फोन.

आणि एक दिवस, बारा दिवस एक अक्षर न बोललेला उदय भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा."

मी धावलो. "काय रे? काय हवं?"

"तुला सांगायचा तो आजार सांग लोकांना. पण ज्यात पापलेट चालतं असा सांग ना."

*

एका दवाखान्यात दर गुरुवारी मनाच्या आजारांची ओपीडी असते हे कळलं, तेव्हा उदयला घेऊन गेलो. तिथे शेजारी शेजारी दोन दारं. एक आमचं, एक डोळ्यांचं. मधे एकच लांब बाकडं. बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण डोळ्यांच्या दाराकडे तोंड करून!

पहिल्याच गुरुवारी समोर कोण? रेवदंड्याचे हनीफभाई. मासळीचे मोठे व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. शेजारी त्यांची बेगम, मान खाली. आम्ही एकमेकांना पाहिलं आणि दोघं एकदमच म्हणालो, "चष्म्याचा नंबर!"

तिसऱ्या गुरुवारी हनीफभाई काळा चष्मा लावून आले. मला हळूच म्हणाले, "वसंतशेठ, आता खोटं नाही बोलवत. बेगमला बाळंतपणानंतर जे झालं ते उतरलंच नाही. बाळाला उचलत नाही. अम्मी म्हणते नजर लागली, बहीण म्हणते नखरे आहेत. ही काही म्हणतच नाही."

मी म्हटलं, "मग हा काळा चष्मा कशाला?"

"अहो, माझं नाटक एवढं बेमालूम झालं, की मागच्या दोन्ही गुरुवारी डोळ्यांवाल्या सिस्टरनं मला आत नेलं आणि थेंब घातले. नाही म्हणायची चोरी! दोन दिवस मला पापलेट आणि बोंबील सारखेच दिसत होते!"

त्या दिवसापासून आम्ही दोघं तोंड फिरवून आपल्या दाराकडे बघत बसायला लागलो.

*

बाकड्यावरचा आमचा तिसरा गडी म्हणजे ठाकूरकाका. उरणकडचे. बापजाद्यांची मिठागरं होती, ती गेली. आता न्हावा शेव्याला दोन ट्रेलर चालतात. माणूस दांडगा, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. हे कशाला आले इथे?

कंबर दुखते म्हणून! चार वर्षं कंबर दुखत होती. तीन डॉक्टर, दोन हाडवैद्य, एक मांत्रिक, किती तरी एक्स-रे. कंबरेत काही सापडेना. शेवटी कोणी तरी या दारात पाठवलं. इथल्या डॉक्टर मॅडम शांत, हळू बोलणाऱ्या. दार उघडंच असतं, त्यामुळे काकांचं उत्तर पूर्ण बाकड्यानं ऐकलं.

"काका, अलीकडे रडू येतं का?"

"मना? न्हाय!" मग भोंगा एकदम खाली आला. "कंबरेला येतं."

मॅडमनी कंबरेचं औषध बंद केलं आणि उदासीचं सुरू केलं. पहिल्या गोळीनं काका दिवसभर पेंगले. दुसरीनं मळमळ. तिसरी लागू पडली. उदयचंही तेच झालं होतं. मी व्यापारी माणूस, न राहवून विचारलंच, "मॅडम, राग मानू नका. म्हणजे तुमच्याकडे चाव्यांचा जुडगा आहे, आणि कुठल्या कुलपाला कुठली चावी ते एकेक लावून बघताय?"

मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्या म्हणाल्या, "अगदी खरं आहे, वसंतराव. कोणाला कुठलं औषध लागू पडेल, कोण पुन्हा कधी चढेल, कधी उतरेल, हे आधी सांगता येईल अशी एकही तपासणी आज माझ्याकडे नाही. लोक सांगत नाहीत, त्यामुळे नोंदी नाहीत. नोंदी नाहीत, त्यामुळे कळत नाही."

"मग कुलपं भरपूर आहेत की इथे बाकड्यावर!"

"म्हणूनच पुढच्या गुरुवारी मुंबईहून एक मुलगी येणार आहे. तिच्याशी जरा नीट बोला. भाव करू नका."

*

ती मुलगी म्हणजे शर्वरी. संशोधन करणारी. पाठीवर सॅक, हातात छापील फॉर्म.

मी पहिला प्रश्न टाकला, "ताई, यात आमचा फायदा काय?"

"तुमचा काहीच नाही, काका. झाला तर तुमच्यानंतर येणाऱ्यांचा होईल. तोही नक्की सांगत नाही."

तीस वर्षांत शेकडो सेल्समन माझ्या काउंटरला टेकून गेले. "तुमचा काहीच फायदा नाही" म्हणणारी ही पहिलीच! मी म्हटलं, हिचा माल खरा असणार. उदयला विचारलं, तो हो म्हणाला, लगेच सही केली.

पण फॉर्म! फॉर्म कोणी तरी एसीत बसून काढलेला असावा. "आपण साधारण किती वाजता झोपता?" हनीफभाईंच्या बोटी भरती-ओहोटीच्या वेळा बघून सुटतात, त्यामुळे घराची झोप रोज सरकते. ते म्हणाले, "ताई, समुद्राला विचारून सांगतो."

"शनिवार-रविवारी झोपेच्या वेळेत फरक पडतो का?" ठाकूरकाका म्हणाले, "बंदराला रैवार कवा आसतो ता सांगा, मंग सांगतू."

"पूर्वीसारखं फिरायला जावंसं वाटतं का?"

"पायी का ट्रेलरनी?"

शर्वरी पेन बाजूला ठेवून हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, "हे प्रश्नच तुमच्यासाठी केलेले नाहीत. शिफ्टवर जागणाऱ्या, समुद्राच्या वेळेनं झोपणाऱ्या माणसांचा मूड कसा हलतो, हे कोणी नीट विचारलेलंच नाही. आपण फॉर्म बाजूला ठेवू आणि आधी साधी वही करू. रोज सकाळी तीन गोष्टी लिहायच्या. काल किती तास झोप झाली, मूड शून्य ते दहात किती, आणि गोळी घेतली का. बस."

ठाकूरकाका म्हणाले, "आनि कंबर?"

"कंबरेला वेगळा रकाना," शर्वरी म्हणाली आणि तिथल्या तिथे पट्टीनं आखून दिला.

*

आता माझा पराक्रम ऐका.

उदयनं पहिले आठ दिवस वही लिहिली, मग कंटाळला. म्हणाला, "दादा, रोज रोज स्वतःला मार्क देऊन वीट आला." मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. आणि मी ती वही तशीच लिहिली, जसं आम्ही दुकानात माल-आवकचं रजिस्टर लिहितो. म्हणजे साहेब येणार कळलं की आदल्या दिवशी बसून, महिन्याचं एकदम!

त्यातही अक्कल लढवली. सगळीकडे सात तास लिहिलं तर कोणीही पकडेल. म्हणून कुठे साडेसहा, कुठे सव्वासात. मूड पाच, सहा, पाच, मधेच चार. तीन वेगवेगळी पेनं. एका पानावर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडला. एका कोपऱ्याला हळदीचं बोट. अहो, माझं मलाच खरं वाटायला लागलं!

मला वाटायचं, चांगले आकडे दिसले की सगळ्यांना बरं वाटेल. मॅडमना, शर्वरीला, उदयला. मलाही.

मॅडमनी वही चाळली. उदयचे हात थरथरत होते, चहाची बशी वाजायची. गोळीचा तो त्रास होताच. मॅडम म्हणाल्या, "झोप इतकी स्थिर आहे, तर गोळी थोडी कमी करून बघू." मी मान डोलावली. डोलावली हो मान!

पंधरा दिवसांनी दुकानात शर्वरीचा फोन. "काका, वहीत एक शंका आहे. वादळाच्या रात्रीची नोंद."

"कुठल्या?"

"बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा मोठा बावटा लागला होता, ती रात्र. अख्ख्या किनाऱ्यावर पत्रे उडत होते. हनीफभाईंच्या वहीत शून्य तास. ठाकूरकाकांच्या वहीत शून्य. माझ्या मैत्रिणीचं घर नागावला आहे, तीही घरातल्यांसोबत कॉटखाली. आणि उदयकाका..." कागदाचा आवाज आला. "उदयकाका सव्वासात तास. शांत झोप."

त्या रात्री आमच्याच दुकानाचा बोर्ड उडून तळ्यात पडला होता. सकाळी तो काढायला मी आणि उदय दोघं चिखलात उतरलो होतो!

ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, मला रिकामी वही चालते. रिकाम्या जागी आपल्याला निदान माहीत असतं, की आपल्याला माहीत नाही. मला एवढंच सांगा, गेल्या पंधरा दिवसांत ते खरंच किती झोपतायत?"

मी फोन कानाला धरून घराच्या दिशेनं बघितलं. अंगणात उदयची मोटरसायकल नव्हती.

*

रंजनाला विचारलं. ती म्हणाली, "सकाळीच गेले. मला म्हणाले दादाला विचारलंय. चार दिवस झाले, नुसते फिरतायत. मी सांगणार होते तुम्हाला, पण तुमची वही सुंदर चालली होती."

ते 'सुंदर' अजून कानात आहे.

उदयचा फोन बंद. नाक्यावर कळलं, तो रेवसच्या रस्त्याला लागलाय, तसा मीही रेवसला गेलो. तिथे फेरीबोटीच्या धक्क्यावर चौकशी केली तेव्हा कळलं, मोटरसायकल होडीत चढवून पलीकडे उरणच्या बाजूला करंजाला उतरला. कोणाला तरी सांगत होता, चौलची सुपारी आता कंटेनरनं दुबईला! करंजाच्या पुढे काय? हायवे, बंदर, रात्रंदिवस धावणारे ट्रेलर, आणि त्यात माझा भाऊ, चार दिवस न झोपलेला. मी ठाकूरकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "शेट, रडू नका. फोटू पाठवा." त्यांनी तो फोटो एका मिनिटात सगळ्या ड्रायव्हर लोकांत फिरवला.

तासाभरात सापडला. बंदराच्या रस्त्यावर, एका चहाच्या टपरीवर उभा राहून ड्रायव्हरांना सुपारीचं अर्थकारण शिकवत होता. काका स्वतः गेले. दंडाला धरलं नाही, ओरडले नाहीत, चल घरी म्हणाले नाहीत. म्हणाले, "उदयशेट, माज्याकडं दोन ट्रेलर हायत. तुमची योजना मना पयल्यापासून सांगा. मी सालेत कमी शिकलोय, जरा सावकास सांगा."

आणि त्याला केबिनमध्ये बसवून ते सहा तास ऐकत राहिले! मधे दोनदा म्हणाले, "ह्ये न्हाय समजलं, परत सांगा." मॅडमना फोन करून काय द्यायचं, काय नाही ते विचारून घेतलं. आणि ट्रेलर हळूहळू आमच्या दिशेला वळवला.

संध्याकाळी चौलच्या नाक्यावर ही गर्दी! एवढ्याशा रस्त्यात चाळीस फुटी ट्रेलर घुसलेला. मागे माल ठेवायचा भलामोठा सपाट फळा सगळा रिकामा आणि मधोमध दोरानं आवळून बांधलेली एकच मोटरसायकल. गाड्या अडलेल्या, हॉर्न वाजतायत. काका सावकाश खाली उतरले. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "शेट, माल आनलाय. नाजूक हाय. उतरवताना घाई करू नका."

*

मी मॅडमसमोर सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "हातांची थरथर खरी होती आणि झोप खोटी होती. मी दोन्ही खरं धरलं." एवढंच. मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

गोळी पुन्हा बदलली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, महिनाभर लागला त्याला खाली यायला. या वेळी भिंतीपर्यंत नाही गेला. अंगणापर्यंतच.

या वेळी शर्वरी घरी आली आणि मला बाजूला बसवून तिनं रंजनाला विचारलं. "काकू, हे चढायला लागले की सगळ्यात आधी तुम्हाला कशावरून कळतं?" सहा वर्षांत रंजनाला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

ती म्हणाली, "चपला."

"चपला?"

"बरे असले की दाराशी जोडीनं काढतात. चढायला लागले की एक इथे, एक तिथे. मागच्या वेळी एक दाराशी आणि एक विहिरीपाशी होती. तीन दिवसांनी ते सुपारी घेऊन दुबईला निघाले."

मी हसलो. शर्वरी हसली नाही, तिनं लिहून घेतलं. आठवड्यानं तिच्या मुंबईच्या सरांचा निरोप आला. चपलांमधलं अंतर रोज मोजून मिळेल का? रंजना माझ्या दुकानात आली, हात पुढे केला. "भाऊजी, टेप द्या. नवा द्या. तुमच्याकडच्या जुन्याचं टोक वाकलंय, तो दोन इंच जास्त दाखवतो."

गुरुवारी बाकड्यावर हीच चर्चा. ठाकूरकाकांना भारी गंमत वाटली. हनीफभाई मात्र शर्वरीकडे सरकून म्हणाले, "ताई, आमच्या बेगमच्या चपला महिनाभर जागच्या हलल्याच नाहीत. ते शून्य लिहायचं का?"

*

आता शेवटचा. हा मी बाकड्याबाहेर कोणाला सांगितलेला नाही.

बरा झाल्यावर उदय म्हणाला, "वही माझी, मी लिहिणार." लिहायला लागला. मी हात लावत नव्हतो. पण मनाला स्वस्थता कुठली? ओटीवर आमचा झोपाळा आहे. रात्री डोळा उघडला की मी तिथे जाऊन बसायचो. उदयच्या खोलीतून काही आवाज येतोय का, चपला कुठे आहेत, मोटरसायकल आहे ना. बसल्या बसल्या पायानं झोका.

महिन्यानं शर्वरीनं बाकड्यावर वही उघडली आणि कपाळाला आठी पडली. "उदयकाका, हा जास्तीचा रकाना मी आखलेला नाही."

"मी आखला," उदय म्हणाला.

तिनं वाचायला सुरुवात केली. "सोमवार. दादा, तीन तास. झोपाळा वाजत होता. मंगळवार. दादा, साडेतीन. बुधवार. दादा, दोन. गोळी, घेत नाही. मूड, माहीत नाही, विचारलं तर ओरडतो." मग तिनं बाजूचा रकाना बघितला. "उदय, पाच तास. कारण, झोपाळा."

ठाकूरकाकांनी मांडीवर थाप मारली. "वा शेट! मंजे चोरबी तुमीच आनि चौकीदारबी तुमीच!"

सगळं बाकडं हसलं, डोळ्यांच्या दारावरची माणसंसुद्धा. तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज आला, "उदय थांबू दे. आधी वसंतरावांना आत पाठवा."

बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात एक कोरी वही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर लिहायला बसलो. उदय समोर येऊन उभा राहिला.

"किती?"

"सहा," मी म्हटलं.

तो नुसता बघत राहिला.

"साडेपाच."

तरी बघतोच आहे.

"पाच. बस, याच्या खाली परवडत नाही!"

उदयनं स्टूल ओढलं, शांतपणे बसला. त्याच्या मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. तो हलला नाही.

"चार," मी म्हटलं.

"दादा."

"...तीन. तीनला पाच मिनिटं कमी."

"हां," उदय म्हणाला. "आता लिही."

मंडळी, तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल, किंवा उद्या कोणी हातात दिली, तर माझी एक विनंती आहे. रोजची रोज लिहा आणि खरी लिहा. तुमच्या काउंटरसमोर उदय असेलच, असं नाही.